पाटी रिकामी परत येत नाही

गेल्या डिसेंबरातल्या एका बुधवारी संध्याकाळी, इंदूरच्या सराफा बाजारामागच्या गल्लीतल्या वाचन मंडळात माझ्या आत्याने ठरलेल्या कादंबरीऐवजी भलताच मजकूर मोठ्याने वाचला. वाचन जवळपास तासभर चाललं. कोणी उठून गेलं नाही, कोणी हरकत घेतली नाही. त्या मजकुराचा लेखक खोलीत हजर होता.

आत्या शहराच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. ट्रंक कॉल लागायला अर्धा दिवस जायचा त्या काळात इंदुरातल्या कितीतरी घरांनी तिचा आवाज ऐकला. चेहरा कोणी पाहिला नाही. निवृत्तीनंतर बऱ्याच वर्षांनी एका लग्नाच्या पंगतीत तिने वाढप्याला "जरा थांबा" म्हटलं, तेव्हा पलीकडच्या रांगेतले एक अनोळखी गृहस्थ जेवता जेवता मागे वळले आणि म्हणाले, "मॅडम, माझा खंडवा अजून लागला नाहीये."

मंडळ निवृत्त मराठी माणसांचं आहे. कोणी कापड मिलच्या ऑफिसातून निवृत्त झालेलं, कोणी शाळेतून, कोणी रेल्वेतून. एका सराफाच्या दुकानावरची खोली त्यांना बुधवारपुरती मिळते. एकाने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. खाली सराफ दुकानं बंद करू लागले आणि ओट्यांवर खाण्याच्या गाड्या मांडल्या जाऊ लागल्या, की वाचन थांबतं. कढईचा आवाज आणि गराडू, म्हणजे कंदाच्या फोडी, तळल्याचा वास वर आल्यावर श्रोत्यांकडून फार अपेक्षा करण्यात अर्थ नसतो. वाचण्याचं काम पहिल्यापासून आत्याकडे होतं.

दोन वर्षांपूर्वी तिच्या डोळ्यांचा पडदा खराब होऊ लागला. कडेचं दिसतं, मधलं पुसट होतं. ओळीवर कोणीतरी अंगठा धरून बसावा तसं, असं ती सांगते. छापील पुस्तक वाचणं बंद पडलं. हे तिने मंडळाला सांगितलं नाही. मी सकाळी ऑफिसला जाण्याआधी तिला त्या बुधवारची पानं वाचून दाखवायची. आत्या ती जवळजवळ पाठ करायची आणि संध्याकाळी पुस्तक समोर धरून म्हणायची. आवाजात कुठेही ठेच नसायची. एका बुधवारी चुकून तिने दोन पानं एकदम उलटली आणि मधल्या पानांवरचा मजकूर न अडखळता पूर्ण केला. ते मंडळाच्या सेक्रेटरींनी पाहिलं. ते तिच्या उजव्या हाताला बसतात.

सेक्रेटरी रेल्वेतून निवृत्त झालेले. घाटातल्या मीटरगेज लाइनवर बरीच वर्षं काढलेली, शिस्तीचा माणूस. त्यांनी कोणाला काही बोलून दाखवलं नाही. पण पुढच्या बैठकीचे विषय सांगताना त्यांत एक नवा विषय आला: वाचनाची पाळी.

"ताईंना पण आराम मिळाला पाहिजे ना," ते म्हणाले. "आणि पुण्याहून आलेल्या या मॅडम आहेत आपल्यात. किती शुद्ध बोलतात. आपलं म्हणजे अर्धं हिंदी, अर्धं मालवी, बाकी जे उरेल ते मराठी."

पुण्याहून आलेल्या मॅडम संकोचून म्हणाल्या, की त्यांना ऐकायलाच आवडतं.

घरी येऊन आत्याने चपला काढल्या आणि चपलांशीच बोलावं तसं खाली बघत म्हणाली, "आराम. एक्स्चेंजमध्ये कधी केला नाही, तो आता करू? बुधवार गेला तर माझ्याकडे राहतं काय, सांग. बाकीचे सहा दिवस मी बुधवारचीच तयारी करते."

वाचनाच्या पाळीचा विषय डिसेंबरात घ्यायचं ठरलं होतं.

ई-रीडर मी दिवाळीनंतर घेतला. काळी पाटी असते तेवढा आणि तसाच, म्हणून आत्याने त्याचं नाव पहिल्याच मिनिटाला पाटी ठेवलं. पुढे तेच चाललं. मंडळात चालू असलेली कादंबरी डिजिटल आवृत्तीत विकत मिळत होती. रविवारी दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. मी पाटी वायफायला जोडली, कादंबरी विकत घेतली. पडद्यावर एक बारीक पट्टी सरकू लागली.

"काय करते आहे ती?" आत्याने विचारलं.

"पुस्तक उतरतंय."

"कुठून?"

मी वायफायच्या डब्याकडे बोट दाखवलं. तिने पाटीला कान लावून पाहिला. तिच्या मते जोडणी होताना काहीतरी आवाज यायला हवा होता. पट्टी भरली, मुखपृष्ठ आलं. मी पुस्तक उघडलं आणि अक्षरं मोठी करत गेले. प्रत्येक वेळी तिने मान हलवली. शेवटून दुसऱ्या मापावर ती थांबली. मान जराशी तिरकी करून, डोळ्याच्या कडेने, तिने पहिला शब्द वाचला. मग दुसरा. मग ती वाक्याच्या शेवटापर्यंत पोचली, आणि तिथे खुर्ची मागे ढकलून उभी राहिली.

"लाइन मिळाली," ती म्हणाली.

त्या मापात पडद्यावर जेमतेम डझनभर शब्द मावत होते. वाचण्याचा तिचा वेग आणि पान उलटण्याचा पाटीचा वेग जुळत नव्हता. पान बदलताना पडदा क्षणभर काळा होतो, आणि वाक्य तिथेच तुटतं. त्यावर तिने सोमवारपर्यंत उपाय काढला. शेवटचे दोन शब्द नजरेत घ्यायचे, अंगठा दाबायचा आणि पडदा काळा असताना ते दोन शब्द म्हणायचे. एक्स्चेंजमध्ये एका हाताने एकाची तार काढताना दुसऱ्या हाताने दुसऱ्याची लावायचं काम तिने आयुष्यभर केलं होतं. मंगळवारी ती घरात चालत चालत वाचत होती. बुधवारी सकाळी दूधवाल्याला जिन्यात उभं करून तिने त्याला घोडदळाचं वर्णन ऐकवलं. तो हिंदी बोलणारा. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "फिर घोड़े का क्या हुआ, माताजी?"

मग तिला पुस्तकं भरण्याचं वेड लागलं. मोफत मिळणारी जुनी पुस्तकं असतात, विकत मिळणारी असतात, आणि पाटीला स्वतःचा ई-मेल पत्ता असतो, त्यावर फाइल पाठवली की ती आपोआप आत येऊन बसते. हे शेवटचं तिला इतकं आवडलं, की मी ऑफिसात असताना ती फोन करून "आलं" एवढंच सांगायची आणि ठेवून द्यायची. मी एका हिंदी दैनिकात कॉपी तपासते. संध्याकाळच्या आवृत्तीच्या गडबडीत माझ्या फोनवर दिवसातून दहा वेळा "आलं" येत होतं. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याला वाटलं, घरी कोणाला तरी आल्याचे डोहाळे लागलेत.

पाटीवर सगळी पुस्तकं मुखपृष्ठांच्या रूपात दिसतात, आणि शेवटी आलेलं किंवा शेवटी उघडलेलं सर्वांत आधी. बारीक मुखपृष्ठं आत्याला ओळखू येत नव्हती. तिने जागा लक्षात ठेवली: वरच्या ओळीत, डाव्या कोपऱ्यात. तिथे बोट ठेवलं की कादंबरी. मधे दुसरं काही उघडलं गेलं, तर मंडळात जाण्याआधी मी कादंबरी एकदा उघडून बंद करायची, म्हणजे ती पुन्हा कोपऱ्यात यायची. ही व्यवस्था नीट चालली होती. मंडळात तिने पहिल्यांदा पाटी काढली, तेव्हा सगळ्यांना वाटलं की हौसेने घेतली आहे. तिनेही तसंच वाटू दिलं.

गडबड खालच्या मजल्यावरच्या काकूंपासून सुरू झाली. काकू मंडळाच्या सभासद. आमच्या आणि त्यांच्या घरात डब्यांची ये-जा आहे, आणि डबा रिकामा परत करायचा नाही ही आमच्याकडची रीत आहे. काही नसलं तर चिमूटभर साखर, तीही नसली तर दोन वेलदोडे. पण काहीतरी आत पाहिजे. काकूंनी एका संध्याकाळपुरती पाटी बघायला नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी परत आणली आणि जिन्यातूनच म्हणाल्या, "सुनेकडून लोणच्याच्या रेसिपीज टाकून घेतल्या आहेत बरं का. रिकामी कशी देऊ? चांगलं नाही दिसत."

आत्या म्हणाली, "अगदी बरोबर आहे."

त्यानंतर पाटी घरोघर फिरली आणि दर वेळी भरून आली. इंदुरात पोह्यांवर, भाजीवर, कशावरही शेव पडते, तशी तिच्यावर फाइल पडत गेली. मार्गशीर्षातल्या गुरुवारची कथा आली. नातवाच्या कोचिंग क्लासच्या फिजिक्सच्या नोट्स आल्या. एका सभासदाचा भाऊ हातोदच्या मंडीत अडत्या आहे. त्याने सोयाबीनचे भाव पाठवले आणि पुढे रोज पाठवत राहिला. लग्नाच्या तीन पत्रिका आल्या, त्यातल्या एका लग्नाला आम्ही गेलो. गुडघ्यांचे व्यायाम आले. एक बायोडाटा आला, मुलगा, उंच, स्वतःचं घर, कोणासाठी ते लिहिलेलं नव्हतं. आत्या सगळ्यांना एकच उत्तर द्यायची: "मोठं करून वाचते." वास्तविक यातलं बरंचसं मोठं होत नव्हतं. पत्रिका किंवा फोटो काढलेलं पान मोठं केलं की त्याचा एक कोपरा फक्त मोठा होतो. नवऱ्या मुलाचं आडनाव दिसतं आणि मुलगी पडद्याबाहेर राहते. अक्षरं वाढवता येतात ती नीट टाइप करून, नीट रूपांतर केलेल्या फाइलमध्येच. हे मी एकदा मंडळात समजावून सांगितलं होतं. लक्ष देऊन ऐकणारे एक सेक्रेटरीच होते.

डिसेंबरातल्या त्या बैठकीच्या आधी, सोमवारी, सेक्रेटरी स्वतः घरी आले.

"ताई, विषय बुधवारी घ्यायचा आहे. त्याच्या पहिले मी जरा हे यंत्र पाहून घेतो. म्हणजे मंडळाला सांगता येईल, काय आहे, कसं आहे."

"न्या ना," आत्या म्हणाली. "पण बुधवारी तुमच्यासोबतच आणा. विसरलात तर मी तिथे काय मंगळागौरीची गाणी म्हणू?"

"रेल्वेचा माणूस आहे, ताई."

"म्हणूनच म्हणाले. उशीर नको."

दार लावून ती माझ्याकडे वळली. "मतलब, पाहून घेतो म्हणजे माझे डोळे पाहून घेतो." दोन दिवस ती दुसरं काही बोललीच नाही. कादंबरीतला पुढचा भाग तिने माझ्याकडून मोबाइलवरून वाचून घेतला, पण पाठ होईना. पाटी आल्यापासून पाठ करण्याची सवय मोडली होती.

बुधवारी खोली नेहमीपेक्षा भरलेली होती. सेक्रेटरी कापडी पिशवीत पाटी घेऊन आले आणि ती त्यांनी आत्याच्या हातात ठेवली.

"घ्या, ताई. रिकामी देत नाहीये."

"तुम्ही पण?"

"छोटंसंच आहे. सवडीने बघा. घरी."

मला वाटलं मंडळाची नियमावली असेल. तेवढ्यात सतरंजी सरकवण्यावरून मागे वाद लागला, मी तो मिटवायला गेले. कादंबरी उघडून कोपऱ्यात आणायचं राहिलं. परत येऊन बसले, तोवर आत्याने वरच्या ओळीत डाव्या कोपऱ्यावर बोट ठेवलं होतं.

मागच्या बुधवारी कादंबरी अशा जागी थांबली होती, की फौज घाटमाथ्यावर तळ देऊन बसली आहे आणि खाली उतरायचा हुकूम येत नाही.

आत्याने घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली. "घाटाच्या माथ्यावर आम्ही सगळे अडकून पडलो होतो. खाली उतरायची परवानगी मिळत नव्हती. माणसं कंटाळली होती, काहींनी तिथेच चुली मांडल्या होत्या."

खोली स्थिरावली. कोणीतरी शालीत पाय घेतले. कादंबरीत आतापर्यंत "आम्ही" नव्हतं, हे मला खटकलं. कॉपीत असं काही आलं की मी त्याखाली रेघ मारते. मी सेक्रेटरींकडे पाहिलं. ते पेल्यात पाणी ओतत होते. पेला भरला होता आणि तांब्या अजून तिरकाच होता.

"तेवढ्यात माकडांनी झेंडा पळवला," आत्याने वाचलं.

हशा झाला. तिचा अंगठा पान उलटायच्या जागी क्षणभर थांबला. इतकाच, की मधेच श्वास घेतला असं कोणालाही वाटावं. मग तिने पान उलटलं.

"ड्रायव्हरने इंजिनातून उतरून एक दगड भिरकावला. तो गार्डच्या डब्याला लागला."

पुढच्या रांगेत मिलमधून निवृत्त झालेले एक आजोबा डोळे मिटून ऐकतात. त्यांनी डोळे उघडले. "ड्रायव्हर? फौजेत ड्रायव्हर कुठून आला?"

"ऐकू द्या ना भिया," काकू म्हणाल्या.

"नाही, पण इंजिन..."

"लेखकाने काळ मोडला असावा," पुण्याहून आलेल्या मॅडम हळूच म्हणाल्या. "हल्ली करतात तसं. मागचं पुढे नेतात."

आजोबांनी त्यांच्याकडे पाहिलं, शुद्ध मराठीचा मान राखून मान डोलावली आणि पुन्हा डोळे मिटले.

त्या वेळी स्थिती अशी होती. आत्याला कळलं होतं की हे पुस्तक वेगळं आहे. थांबली असती, तर कोणतं पुस्तक उघडलं तेही तिला दिसत नाही हे सगळ्यांना कळलं असतं, आणि त्याच बैठकीत पुढचा विषय वाचनाच्या पाळीचाच होता. सेक्रेटरींनी एक वाक्य बोलणं पुरेसं होतं: ताई, पुस्तक चुकलं. ते बोलले असते तर विषय मांडायचीही गरज उरली नसती. पण मग हे पुस्तक कोणाचं, हेही विचारलं गेलं असतं. त्यांनी तांब्या सरळ केला, पेला खाली ठेवला आणि हात मांडीवर घेतले.

आत्या वाचत राहिली. घाटातल्या एका लहान स्टेशनवर बरात घेऊन निघालेली गाडी अडकते. पुढे रुळावर दरड आहे. नवरदेव हातोदच्या शाळेतला मास्तर. नवरीकडची मंडळीही त्याच गाडीत, दोन डबे मागे, कारण लग्न खंडव्याला मामाच्या घरी आहे. मुहूर्त निघून चालला आहे. स्टेशनमास्तर म्हणतो, प्लॅटफॉर्म रेल्वेचा आहे, लग्नाला मनाई असल्याचं कुठे लिहिलेलं नाही. अंतरपाट हवा, तर हिरवा झेंडा माकडांकडे. मग स्टेशनमास्तरच्या टेबलावरचं कापड काढतात, त्यावर शाईचे डाग. गुरुजी मात्र खंडव्यात वाट पाहत बसलेले. मंगलाष्टकं कोण म्हणणार? सगळे नव्यानेच नोकरीला लागलेल्या तार-बाबूकडे बघतात, कारण तो एकटाच दिवसभर तोंडातल्या तोंडात पुटपुटत असतो.

तार-बाबूला एकच मंगलाष्टक येतं, तेही अर्धं. त्यापुढे तो जे पाठ आहे ते त्याच चालीत म्हणतो.

आत्याने पाटी छातीशी धरली आणि चाल लावली. "महू, पाताळपाणी, काळाकुंड, चोरल, बलवाडा, बडवाह, सनावद..." शेवटचं अक्षर तिने लांबवलं, लग्नघरात लांबवतात तसं, मांडवाच्या टोकापर्यंत पोचेल इतकं. पडदा काळा झाला, तिचा आवाज चालूच राहिला, पुढचं पान आलं.

"सावधान," खोलीतून कोणीतरी म्हणालं.

दुसऱ्या खेपेला स्टेशनं उलट क्रमाने आली, आणि "सावधान" सगळ्यांनी म्हटलं. तिसऱ्या खेपेला मालगाड्यांच्या थांब्यांसकट. मिलचे आजोबा आता पूर्ण जागे होते आणि मांडीवर ठेका धरत होते. काकूंनी पदराने डोळे पुसले, पण त्या हसत होत्या. पुण्याहून आलेल्या मॅडमनी पर्समधून बडीशेप काढून अक्षता म्हणून आत्याच्या दिशेने उडवली. एक दाणा माझ्या केसात सापडला.

खालून पहिली कढई ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला. नेहमी इथे वाचन थांबतं. सेक्रेटरी उठले, खिडकीपाशी गेले, खिडकी लावून घेतली आणि परत येऊन बसले.

लग्न लागलं. दरड निघाली. गाडी घाट उतरली. शेवटच्या पानावर गार्ड मोजतो तर गाडीत एक माणूस जास्त भरतो. कोणीतरी माकड बसवून दिलंय, असं तो आधी म्हणतो; मग कळतं की तार-बाबूच जेवणाच्या आग्रहाला बळी पडून बरातीबरोबर खंडव्याला निघाला आहे आणि स्टेशनवर तारेला उत्तर द्यायला कोणी नाही. इथे मजकूर संपला.

"आजचा भाग सर्वांत चांगला झाला," मिलचे आजोबा म्हणाले. "यांनी आधीपासूनच असं लिहायला पाहिजे होतं. ते घोडे उगाच लांबवले."

"लेखक कोण आहेत हे?" पुण्याहून आलेल्या मॅडमनी विचारलं. "मला मागच्या प्रकरणांपेक्षा भाषा वेगळी वाटली. चांगली वाटली."

आत्याने पाटी बंद केली. "मुखपृष्ठावर नाव इतकं बारीक टाकतात, की काय सांगू. सेक्रेटरीसाहेबांना विचारा, त्यांनी यंत्र पाहून घेतलंय."

सगळे सेक्रेटरींकडे वळले. त्यांचा चेहरा लाल झाला होता. खोलीची खिडकी बंद होती आणि माणसं बरीच होती.

"चौकशी करून सांगतो," ते म्हणाले.

"आणि पुढचा विषय?" कोणीतरी आठवण केली. "वाचनाची पाळी?"

सेक्रेटरींनी घड्याळ पाहिलं. "उशीर झालाय. खाली गराडू संपतील. चला."

गराडू संपत नाहीत. सराफ्यात ते रात्री उशिरापर्यंत मिळतात, हे खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. सगळे उठले.

खाली गाडीसमोर आम्ही तिघं उभे होतो. मसाला टाकलेल्या गरम गराडूचा द्रोण सेक्रेटरींच्या हातात होता. त्यांनी बराच वेळ एकही फोड उचलली नाही.

"कुठे कळलं तुम्हाला, ताई?"

"माकडांपाशी. फौजेच्या झेंड्याला माकडं हात लावायची नाहीत."

"मग थांबला नाहीत?"

"राँग नंबर लागला की ऑपरेटरने घाबरायचं नसतं. आपण घाबरलो की दोन्हीकडचे घाबरतात. आवाज तसाच ठेवायचा." तिने त्यांच्या द्रोणातली एक फोड उचलली. "आणि थांबवायचं तर तुमच्या हातात होतं. तुम्ही थांबवलं नाहीत."

सेक्रेटरींनी द्रोण तिच्याकडे सरकवला. गाडीवाल्याने "और दूँ, साहब?" असं विचारलं, त्याला त्यांनी हातानेच नको म्हटलं.

"अक्षरं नीट मोठी होत होती ना?" त्यांनी विचारलं. "मी दोन दिवस तेच करून पाहिलं. तुमच्या मापावर लावून. पहिल्यांदा जोडाक्षरं फुटत होती. मंगळवारी बसली."

"माझं माप तुम्हाला कसं माहीत?"

"यंत्रात लावलेलंच होतं, ताई. उघडलं की दिसतं. तीन शब्दांची ओळ."

आत्याने बोटांचा मसाला रुमालाला पुसला. "होत होती," ती म्हणाली. "एकही जोडाक्षर फुटलं नाही. खंडव्याला पुढे काय झालं?"

"ते अजून टाइप व्हायचं आहे."

"मग करा."

पुढच्या बुधवारी फौज घाट उतरून गेली. आजोबांनी स्टेशन परत कधी येणार असं विचारलं. त्यानंतरच्या बुधवारपासून मंडळात दोन वाचनं होऊ लागली, आधी कादंबरी, मग स्टेशन. पुण्याहून आलेल्या मॅडमना लेखकाचं नाव अजून सांगण्यात आलेलं नाही. चौकशी चालू असल्याचं सेक्रेटरी सांगतात. कादंबरी उघडून कोपऱ्यात आणायचं काम मी करते, आणि मंडळातली खिडकी आता वाचन सुरू होतानाच लावली जाते.

वाचनाच्या पाळीचा विषय फेब्रुवारीअखेरपर्यंत बैठकीत आलेला नाही. त्या काळात सेक्रेटरींनी पाटी तीनदा तपासणीसाठी घरी नेली. तिन्ही वेळा ती भरून परत आली.